सोम तामला सुटणारं पाणी

कच्च्या पपईचं हे सॅलड थायलंडच्या ईशान्येला, इसान भागात, आणि शेजारच्या लाओसमध्ये चिकट भाताबरोबर खातात. घरी करताना त्रास एकच व्हायचा: वाढेपर्यंत पपई मऊ आणि खाली पाणीच पाणी.

आधी किसणी बाजूला ठेवली. बारीक किसलं की चोथा होतो. तिकडचे विक्रेते सोललेली पपई हातात धरून सुरीने उभे घाव घालतात आणि वरचा थर तासतात. माझं काही ते धाडस नाही, मी चकत्या करून काड्या कापते. पपई टणक, आतून पांढरी हवी. चीक धुवायचा, काड्या थोडा वेळ बर्फाच्या पाण्यात ठेवायच्या आणि मग पंचावर अगदी कोरड्या करायच्या. खरी मेख इथेच आहे.

लसूण-मिरची कुटून ताडगूळ, सोडे, चवळीच्या शेंगा, भाजलेले दाणे घालते. (इसानमध्ये आंबवलेल्या माशाचं पाणी घालतात, त्याचा वास आमच्या घरात चालणार नाही.) टोमॅटो नुसता दाबायचा. लिंबू, फिश सॉस घालून गूळ विरघळवायचा. पपई सर्वांत शेवटी.

तिकडे मातीचा खोल खल आणि लाकडी बत्ता असतो. आपल्या लोखंडी खलबत्त्यात पपईचा लगदा होतो, म्हणून ती पातेल्यात घेऊन लाटण्याच्या टोकाने हलकेच ठोकते, दुसऱ्या हातातल्या चमच्याने खालचं वर करत. वरून मीठ नाही. फिश सॉसनेही पाणी सुटतंच, त्यामुळे मंडळी पानावर बसली की मगच कुटायला घेते.