तालुक्याच्या कोर्टातून वारस दाखला: कधी लागतो, कसा मिळतो

घरातला कर्ता माणूस गेला की गावात पहिला सल्ला मिळतो, “कोर्टातून वारस दाखला काढून घ्या.” अनेकदा त्याची गरजच नसते. म्हणून वकील गाठण्याआधी मृताच्या नावावर काय काय आहे ते एका कागदावर मांडा. कुठल्या वस्तूला कुठला कागद लागतो, हे त्यावरून ठरतं.

शेतजमीन

सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायला कोर्टात जावं लागत नाही. तलाठ्याकडे (आताचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क प्रणालीवर मृत्यूचा दाखला आणि वारसांचं शपथपत्र जोडून अर्ज करायचा. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ नुसार हे ३ महिन्यांत कळवायचं असतं. उशीर झाला तरी नोंद होते. गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद होते, मग फेरफार (हक्कबदलाची नोंद) धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस दिले जातात आणि शेवटी मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो. मात्र सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. हिस्स्यावरून वाद असेल तर वारस दाखल्याने तो मिटत नाही, त्यासाठी वाटपाचा दावाच लावावा लागतो.

बँकेतली रक्कम

खात्याला नॉमिनी (मृत्यूनंतर पैसे स्वीकारण्यासाठी नेमलेली व्यक्ती) लावलेला असेल तर बँकेने कोर्टाच्या दाखल्यासाठी अडून बसू नये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नॉमिनी नसेल तरी ठरावीक मर्यादेपर्यंत सोप्या पद्धतीने पैसे मिळतात. २०२५ च्या निर्देशांप्रमाणे ही मर्यादा सहकारी बँकांसाठी ५ लाख आणि इतर बँकांसाठी १५ लाख रुपये आहे. आधी शाखेत लेखी दावा अर्ज द्या आणि नकार मिळाला तर तोही लेखीच मागा. नॉमिनीच्या हातात पैसे आले म्हणून ते त्याचे एकट्याचे होत नाहीत. बँकेच्या ठेवीपुरता तो इतर वारसांचा विश्वस्त असतो.

रक्कम मोठी असेल, नॉमिनी नसेल किंवा वारसांत एकमत नसेल, तेव्हा उत्तराधिकार प्रमाणपत्र लागतं. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ३७० पासून पुढे त्याची तरतूद आहे. ते फक्त येणी आणि रोख्यांसाठी, म्हणजे ठेवी, शेअर, थकीत येणी अशांसाठी चालतं. घर, प्लॉट यांच्यासाठी वारस ठरवून हवे असतील तर १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली वारस प्रमाणपत्राचा अर्ज करतात. बोलताना दोन्हींना ‘वारस दाखला’च म्हणतात, त्यामुळे अर्जाचा मसुदा करण्याआधी नेमका कुठला हवा ते मागणाऱ्या कार्यालयाकडून लिहून घ्या. ग्रामपंचायतीचा वारस दाखला या दोन्हींची जागा घेत नाही.

मृत्युपत्र असेल तर? हिंदू माणसाने गावात केलेल्या आणि गावच्याच मिळकतीच्या मृत्युपत्राला प्रोबेट (कोर्टाकडून मृत्युपत्र सिद्ध करून घेणं) सक्तीचं नाही. पण ते खरं असल्याचं दाखवायची वेळ आली तर सही करणाऱ्या दोन साक्षीदारांपैकी निदान एकाला उभं करावं लागतं, म्हणून ते दोघे कुठे आहेत याची माहिती आधीच काढून ठेवा.

वारस मोजताना

अर्जात सर्वाधिक चुका होतात त्या इथे. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गात पत्नी, मुलगे, मुली आणि आई येतात. आई हयात असूनही तिचं नाव राहून जातं, कारण घरच्यांच्या मते सगळं आता मुलांचंच असतं. वडील मात्र या वर्गात नाहीत. लग्न झालेल्या मुलीला “ती हक्क सोडणारच आहे” म्हणून वगळू नका. ती वारस आहेच, आणि हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र वेगळं करावं लागतं. आधीच वारलेल्या मुलाची विधवा आणि मुलंही धरायची. पहिलं लग्न कायम असताना केलेल्या दुसऱ्या लग्नाची पत्नी वारस ठरत नाही, पण तिची मुलं ठरतात. गावात सगळ्यांना ठाऊक असलेली ही गोष्ट अर्जात लपवली, तर जाहीर नोटीस निघाल्यावर हरकत ठरलेलीच. लपवाछपवी करून मिळवलेलं उत्तराधिकार प्रमाणपत्र १९२५ च्या कायद्याच्या कलम ३८३ खाली रद्द होऊ शकतं, आणि जाणूनबुजून खोटं लिहिणं हा गुन्हाही आहे.

अर्ज कुठे आणि कशासह

मृत व्यक्ती मृत्यूच्या वेळी जिथे नेहमी राहत होती, तिथलं कोर्ट. पुण्याच्या दवाखान्यात मृत्यू झाला म्हणून पुण्यात अर्ज होत नाही. असे अर्ज बहुधा दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतात. सगळ्या तालुक्यांत वरिष्ठ स्तर न्यायालय नसतं, तेव्हा फायलिंगच्या खिडकीवर आधी विचारा.

सोबत लागतात: मृत्यूचा मूळ दाखला, शिधापत्रिका, सर्व वारसांची आधार कार्डं, वंशावळीचं शपथपत्र, आणि प्रत्येक खात्याचा वा मिळकतीचा ताजा कागद. ठेवीच्या पावतीचा क्रमांक, शाखा आणि रक्कम अर्जाच्या परिशिष्टात तंतोतंत लिहा. “बँकेतील सर्व ठेवी” असं मोघम लिहिलं तर प्रमाणपत्रातही मोघमच उतरतं आणि बँक ते परत करते. मृत्यूची नोंदच केली नसेल तर तिथून सुरुवात. २१ दिवसांची मुदत गेली तरी विलंबाने नोंद होते, वर्ष उलटल्यावर मात्र दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

नाव सगळीकडे सारखं आहे का ते तपासा. दाखल्यावर ‘रामचंद्र’, पासबुकावर ‘रामा’, सातबाऱ्यावर ‘रामजी’ असेल तर तिन्ही नावं अर्जाच्या शीर्षकातच ‘उर्फ’ लावून घाला. हुकूम झाल्यावर ही दुरुस्ती करायची तर पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा.

दाखल केल्यानंतर

अर्जाला दिवाणी किरकोळ अर्ज म्हणून क्रमांक मिळतो आणि १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांकही (प्रकरणाचा ओळख क्रमांक). त्यावरून ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख घरबसल्या दिसते. मग इतर वारसांना नोटीस आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. १८२७ च्या रेग्युलेशनखालच्या अर्जात हरकतीसाठी एक महिना असतो. छापण्यापूर्वी मजकूर स्वतः वाचा. मृताचं नाव किंवा तारीख चुकली तर नोटीस पुन्हा काढावी लागते, महिना जातो आणि जाहिरातीचा खर्च दुप्पट होतो.

बाकी वारसांची संमती असेल तर त्यांनी कोर्टात हजर राहून पुरसिस (लेखी निवेदन) द्यावी किंवा शपथपत्र करावं. मुंबई-सुरतेला गेलेल्या भावंडांना एकाच तारखेला बोलावून हे उरकणं सोयीचं. त्यानंतर अर्जदाराचं पुराव्याचं शपथपत्र, मूळ कागदांना निशाणी (पुराव्याचा क्रमांक), आणि हुकूम. हरकत आली तरी उत्तराधिकार प्रमाणपत्राच्या कामात न्यायाधीश गुंतागुंतीचा मालकीहक्क निकाली काढत बसत नाहीत. प्रथमदर्शनी ज्याचा हक्क अधिक भक्कम दिसतो त्याला प्रमाणपत्र देता येतं. अशा वेळी अर्जदाराकडून जामीन घेणं बंधनकारक असतं, इतर वेळी ते न्यायाधीशांवर असतं. जामीनदाराचा सातबारा आणि ऐपतीचा दाखला तयार ठेवा. हुकूम होऊनही प्रमाणपत्र अडकतं ते बहुतेकदा यामुळेच.

कोर्ट फी उत्तराधिकार प्रमाणपत्रात रकमेवर ठरते. ती अर्जासोबत भरायची की हुकमानंतर, हे त्या कोर्टाच्या रिवाजाप्रमाणे विचारून घ्या. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि बालकं यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

प्रमाणपत्र हातात पडताच खिडकीपाशीच नावं, खाते क्रमांक आणि आकडे ताडून पाहा, आणि जितकी कार्यालयं तितक्या प्रमाणित नकलांसाठी लगेच अर्ज करा. पुढे एखादी विसरलेली ठेव सापडली तर नवं प्रमाणपत्र काढायची गरज नाही. कलम ३७६ खाली अर्ज करून त्याच उत्तराधिकार प्रमाणपत्रात ती वाढवून घेता येते.