टू-स्ट्रोक डर्ट बाइकचे इंजिन: धूळ, तेल आणि तासांचा हिशेब

टू-स्ट्रोक इंजिन नाजूक असते आणि ते कधी दगा देईल याचा नेम नसतो, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा त्याच्या पोटातले हलणारे भाग मोजून पाहावेत. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्ट हे मुख्य भाग. कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही, टॅपेट जुळवण्याची भानगड नाही. सिलिंडरच्या आतल्या बाजूला निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कठीण मुलामा असल्यामुळे योग्य देखभाल झाली तर एकाच सिलिंडरवर अनेक पिस्टन निघतात. तरीही ही इंजिने जाम होतात आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा त्यांच्या रचनेतच सापडते. फोर-स्ट्रोकमध्ये तेल तळाशी साठलेले असते आणि पंप ते दाबाने फिरवत राहतो. टू-स्ट्रोकमध्ये मात्र हवा फिल्टरमधून रीड व्हॉल्व्हमार्गे (पातळ पाकळ्यांची एकाच दिशेने उघडणारी झडप) आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या पेटीत जाते आणि तिथून ट्रान्स्फर पोर्टांतून (सिलिंडरच्या बाजूंचे मार्ग) पिस्टनच्या वर चढते. क्रँकच्या बेअरिंगांना मिळणारे तेल म्हणजे या हवेबरोबर वाहत आलेले थेंब, एवढेच. म्हणून फिल्टर चुकवून आत शिरलेली धूळ पहिल्यांदा कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगला गाठते आणि त्यानंतर पिस्टनला घासते.

फिल्टरपासून सुरुवात

इंजिनाच्या आयुष्यात फिल्टरचा वाटा पिस्टनच्या कंपनीपेक्षा आणि तेलाच्या महागड्या डब्यापेक्षा मोठा आहे, असे माझे ठाम मत आहे. धुळीच्या वाटेवर चालवलेल्या गाडीचा फोमचा फिल्टर प्रत्येक फेरीनंतर काढून धुवावा. धुण्यासाठी पेट्रोल वापरू नये, कारण फोमच्या सांध्यांचा गोंद त्याने सुटतो. फिल्टर क्लीनर किंवा रॉकेलमध्ये जुने तेल काढून नंतर कोमट साबणाच्या पाण्यात तो खळबळावा. कपड्यासारखा पीळ देऊन पिळला तर फोम फाटतो, म्हणून तो तळहातांत दाबून पाणी काढावे आणि सावलीत पूर्ण वाळू द्यावा. मग फिल्टर ऑइल टाकून तो मुठीत दाबत राहावे, म्हणजे सगळीकडे एकच रंग दिसू लागतो. कुठे फिकट डाग राहिला तर तिथे तेल पोहोचलेले नाही. शेवटी फिल्टरच्या कडेला, जी एअरबॉक्सवर टेकते तिला, ग्रीसचा सलग पट्टा लावावा.

हा पट्टा एकदा माझ्याकडून घाईत अर्ध्याच कडेला लागला होता. गाडी सुरू होत होती, ताकदही ठीक वाटत होती, पण पुढच्या वेळी फिल्टर काढून इनटेकच्या रबरी नळीत पांढरे फडके बांधलेले बोट फिरवले तेव्हा ते तपकिरी होऊन बाहेर आले. सिलिंडर उघडल्यावर पिस्टनची इनटेककडची बाजू चकाकी जाऊन राखाडी झालेली दिसली आणि तिच्यावर उभ्या बारीक रेघा ओढलेल्या होत्या. तेव्हापासून फडक्याची ही परीक्षा मी एकदाही चुकवलेली नाही. फडके मळले तर गाडी चालवू नये, इंजिन उघडून पाहावे.

पेट्रोल आणि तेल

पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याचे प्रमाण गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि तेच पाळावे. ४०:१ (४० भाग पेट्रोलला १ भाग तेल) म्हणजे लिटरमागे २५ मिलिलिटर तेल, ३२:१ म्हणजे सुमारे ३१ आणि ६०:१ म्हणजे सुमारे १७. अंदाजाने ओतण्यापेक्षा मापाचे भांडे वापरावे, मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये करावे आणि टाकीत ओतण्याआधी कॅन हलवावा. तेल जासो या जपानी मानकाच्या एफडी दर्जाचे किंवा शर्यतीसाठी बनवलेले असावे; बोटींच्या इंजिनासाठीचे टीसी-डब्ल्यू३ तेल थंड चालणाऱ्या इंजिनांसाठी असल्यामुळे ते इथे चालत नाही. तेल वाढवले की मिश्रण ‘रिच’ (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) होते, हा एक जुना गैरसमज आहे. कार्ब्युरेटरच्या जेटमधून (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) जाणाऱ्या द्रवात तेल वाढले म्हणजे पेट्रोल तेवढे घटले, त्यामुळे हवेच्या तुलनेत मिश्रण उलट किंचित ‘लीन’ (पेट्रोल कमी) होते. सायलेन्सरमधून काळे तेल गळते तेव्हाही तेल कमी करण्याची घाई करू नये. बहुधा जेटिंग (जेटची निवड) रिच असते किंवा गाडी फार हळू चालवली जात असते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे महिन्यांपूर्वीचे मिश्रण वापरू नये.

लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवून इंजिन ब्रेकवर गाडी सोडण्याची सवय फोर-स्ट्रोकवरून आलेल्या स्वारांना असते. इथे थ्रॉटल बंद म्हणजे तेलही जवळजवळ बंद, आणि चाके तर इंजिन जोरात फिरवतच असतात. अशा उतारावर अधूनमधून थ्रॉटलला हलकी उघडझाप द्यावी किंवा क्लच दाबून इंजिन मोकळे करावे.

इंधन इंजेक्शनच्या गाड्यांत हे सगळे थोडे वेगळे आहे. केटीएम आणि हुस्कवर्ना यांनी २०१८ च्या एंड्युरो मॉडेलांत टीपीआय (ट्रान्स्फर पोर्ट इंजेक्शन) आणले. त्यात पेट्रोल थेट ट्रान्स्फर पोर्टांत फवारले जाते आणि तेल वेगळ्या टाकीतून पंपाने इनटेकच्या हवेत सोडले जाते. क्रँककेसमध्ये पेट्रोल जात नसल्यामुळे तेल धुतले जात नाही आणि ते एकंदरीत कमी लागते. अशा गाडीत तेलाची टाकी रिकामी पडू देऊ नये. पडलीच तर नळीतली हवा काढल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. २०२३ च्या मोटोक्रॉस मॉडेलांपासून केटीएमने थ्रॉटल बॉडीतून इंजेक्शन देण्याची पद्धत घेतली आणि तिथे पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याचे काम पुन्हा मालकावर आले. दोन्ही प्रकारच्या गाड्या एकाच घरात असतील तर टाकीच्या झाकणावर ठळक खूण करून ठेवावी, कारण इंजेक्शनची गाडी म्हणून टाकीत साधे पेट्रोल भरले गेले तर पिस्टन काही मिनिटांतच संपतो. इंजेक्शनच्या गाड्यांना पेट्रोलमधला कचराही सोसत नाही, तेव्हा इंधनाचे फिल्टर वेळेवर बदलावेत.

कार्ब्युरेटर असलेल्या गाडीत थंडी वाढली की हवा दाट होते आणि मिश्रण लीन पडते, म्हणून जेट मोठा लागतो. उंच डोंगरावर हवा विरळ असल्याने लहान लागतो. पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू, मधल्या टप्प्यात नीडल आणि शेवटच्या पाव भागात मेन जेट, अशी ढोबळ वाटणी लक्षात ठेवली की दोष नेमका कुठे आहे ते शोधता येते.

गरम न करता रेस देणे

थंड इंजिनाला एकदम रेस दिली की पिस्टन लवकर तापून फुगतो, पण पाण्याने वेढलेला सिलिंडर अजून गारच असतो. मग पिस्टन चार कोपऱ्यांवर घासून जाम होतो. फोर्ज्ड (दाबून घडवलेला) पिस्टन कास्टपेक्षा (ओतीव) जास्त फुगतो, म्हणून तिथे अधिक सबुरी लागते. दोन्ही रेडिएटर हाताला कोमट लागेपर्यंत गाडी हलक्या रेसवर चालू ठेवावी.

हवेची गळती

क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांना तेलाची सील असतात आणि त्यांचे बिघाड वेगवेगळ्या लक्षणांनी ओळखू येतात. मॅग्नेटोकडचे (वीज तयार करणाऱ्या भागाकडचे) सील गेले की बाहेरची हवा आत येते, मिश्रण लीन होते, थ्रॉटल सोडल्यावरही रेस खाली यायला वेळ लागतो आणि इंजिन तापते. क्लचकडचे सील गेले की गिअर ऑइल क्रँककेसमध्ये ओढले जाते, दाट पांढरट धूर येतो आणि गिअरबॉक्समधली पातळी कारण नसताना घटत जाते. दोन्ही शंकांचे निरसन दाबाच्या चाचणीने होते. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडे रबरी बुचांनी बंद करून आत सुमारे ६ पीएसआय हवा भरावी. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरत असेल तर सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत. जाम झालेल्या इंजिनात नवा पिस्टन टाकण्याआधी ही चाचणी केली नाही, तर दुसरा पिस्टनही त्याच वाटेने जाण्याचा धोका राहतो.

गिअर ऑइलचे काम तुलनेने सोपे आहे: ओल्या क्लचला चालणारे तेल दर १५ ते २० तासांनी बदलावे आणि ते दुधट निघाले तर पाण्याच्या पंपाचे सील तपासावे. रीडच्या पाकळ्या उजेडासमोर धरून फट किंवा चीर पाहावी. पॉवर व्हॉल्व्हवर (एक्झॉस्टच्या तोंडाशी असलेली झडप) काजळी आणि चिकट थर साठला की तो अडकतो आणि वरच्या रेसची ताकद हरवते, म्हणून पिस्टन बदलताना तोही साफ करावा.

पिस्टन कधी आणि कसा बदलावा

अवर मीटर, म्हणजे इंजिन किती तास चालले ते मोजणारे स्वस्त साधन, प्रत्येक गाडीवर असावे. शर्यतीत सतत पूर्ण थ्रॉटलवर पळणाऱ्या १२५ सीसीच्या गाडीचा पिस्टन २०–३० तासांतही बदलावा लागतो, तर जंगलवाटांवर खालच्या रेसमध्ये चालणारी ३०० सीसीची गाडी शंभर तासांच्या जवळ पोहोचते. म्हणून पुस्तिकेतला आकडा हीच आपली सीमा मानावी आणि चालवण्याच्या पद्धतीप्रमाणे ती अलीकडे आणावी. त्याच्या जोडीला कॉम्प्रेशन मोजत जावे. इंजिन गरम असताना थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, काटा स्थिर होईपर्यंत किक मारावी. नव्या पिस्टनवरचा आकडा आणि आजचा आकडा यांत १०–१५ टक्क्यांची तफावत पडली की सिलिंडर उघडण्याची वेळ झाली.

सिलिंडर काढताच क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबावे, कारण सर्क्लिप (पिस्टनची पिन जागेवर धरणारी तारेची कडी) आत पडली तर सगळेच इंजिन खोलावे लागते. नव्या पिस्टनची रिंग आधी एकटीच सिलिंडरमध्ये सरळ बसवून फीलर गेजने तिच्या टोकांमधली फट मोजावी; व्यासाच्या प्रत्येक २५ मिलिमीटरला साधारण ०.१ मिलिमीटर हा सोयीचा ठोकताळा आहे, म्हणजे ७२ मिलिमीटर व्यासाच्या ३०० ला सुमारे ०.३. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे असावा आणि रिंगची टोके खोबणीतल्या खिळीच्या दोन्ही बाजूंना आली पाहिजेत. सर्क्लिप दर वेळी नवीच घ्यावी. ती खोबणीत बसताना टक् असा बारीक आवाज येतो, पण तेवढ्यावर विसंबू नये; स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने किंचित ढकलून ती सगळीकडून बसल्याची खात्री करावी आणि तिचे तोंड वर किंवा खाली ठेवावे, आडवे नाही. याच वेळी कनेक्टिंग रॉड उभा धरून वर-खाली ओढून पाहावा: तिथे प्ले (ढिलाई) अजिबात नसावा. बाजूला थोडी हालचाल असते, तिची मर्यादा पुस्तिकेत पाहून फीलर गेजने मोजावी.

नट ठरवलेल्या टॉर्कने आडव्या-उभ्या क्रमाने आवळावेत. नव्या पिस्टनची पहिली खेप म्हणजे इंजिन गरम करून पूर्ण थंड होऊ देण्याचे दोन-तीन फेरे, त्यानंतर अर्ध्या थ्रॉटलच्या आत, पण रेस सतत बदलती ठेवून चालवलेला तासभर. इंजिन थंड झाल्यावर सिलिंडर आणि हेडच्या नटांचा टॉर्क पुन्हा तपासावा, मग इंजिन गरम करून कॉम्प्रेशन मोजावे आणि तो आकडा अवर मीटरच्या आकड्यासह वहीत लिहावा. पुढच्या प्रत्येक मोजणीची तुलना याच नोंदीशी होईल.