‘नसांची गोळी’ रात्री घेताय? अमिट्रिप्टिलीन आणि तिच्या घराण्यातल्या गोळ्या सुरक्षितपणे कशा घ्याव्यात

शुगरमुळे तळपायांची आग होते, मणक्यात शीर दबली आहे, अर्धशिशी पाठ सोडत नाही, मन कशातच लागत नाही. या सगळ्या तक्रारींवर डॉक्टर कधीकधी एकाच घराण्यातली गोळी लिहून देतात. या घराण्याला ट्रायसायक्लिक अँटिडिप्रेसंट (मुळात नैराश्यावरची औषधं) म्हणतात. अमिट्रिप्टिलीन आणि नॉरट्रिप्टिलीन सर्वांत जास्त चालतात. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांना कधी इमिप्रामीन देतात, तर हात धुण्याचा किंवा पुन्हा पुन्हा तपासण्याचा चाळा सुटत नसेल तर क्लोमिप्रामीन. औषधं जुनी, स्वस्त आणि गुणकारी आहेत. पण ती हृदयावर, लघवीवर, घामावर आणि नजरेवरही काम करतात, आणि घेणाऱ्याला बहुतेक वेळा हे कोणी सांगितलेलं नसतं.

आधी गोळीचं नाव माहीत करून घ्या

स्ट्रिप उलटी करा आणि ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा, किंवा घरातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. अमिट्रिप्टिलीन एकटी आहे की सोबत आणखी काही आहे? नॉरट्रिप्टिलीनबरोबर प्रेगाबालिन किंवा गॅबापेंटिन असलेल्या गोळ्या नसांच्या दुखण्यासाठी सर्रास दिल्या जातात. अमिट्रिप्टिलीनबरोबर क्लोरडायझेपॉक्साइड असेल तर जास्त सावध राहा, कारण त्या दुसऱ्या औषधाची सवय लागते. मेडिकलवाला पाचच गोळ्या कापून देतो तेव्हा नाव नेमकं उरलेल्या तुकड्यावर राहतं. अशा वेळी बिल मागा, नाहीतर पूर्ण स्ट्रिपच घ्या.

नाव कळलं की दुसरा घोटाळा होतो. सूनबाई मोबाइलवर शोधते, तिथे ‘डिप्रेशनचं औषध’ दिसतं आणि आप्पा खवळतात, ‘मी काय येडा शे का?’ गोळी त्याच रात्री बंद. खरं तर नसांच्या दुखण्यासाठी डॉक्टर बहुधा १० किंवा २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात. नैराश्यासाठी मात्रा बरीच वर न्यावी लागते. गोळी तीच असली तरी कारण वेगळं असतं, आणि ते डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून घेतलेलं बरं.

सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना हे सांगाच

हार्ट अटॅक येऊन गेला असेल, ठोके चुकत असतील, काचबिंदू असेल, प्रोस्टेटमुळे लघवी अडत असेल, फिट येत असतील, मधूनच अतिउत्साहाचे झटके येत असतील, दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल. वय जास्त असेल किंवा हृदयाची तक्रार असेल तर ‘आधी ईसीजी काढायचा का?’ असं स्वतःहून विचारा. विचारल्याने डॉक्टर रागावत नाहीत, आणि रागावले तरी विचारा.

बाकीच्या गोळ्यांचा डबाही सोबत न्या. कंबरदुखीसाठी दिलेलं ट्रामाडॉल या घराण्यातल्या गोळीबरोबर घेतलं तर फिट आणू शकतं. नैराश्यावरच्याच फ्लुओक्सेटिनमुळे या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं. कंपवातावरचं सेलेजिलीन आणि लिनेझोलिड हे अँटिबायोटिक यांच्याशी तर हिचं वाकडंच आहे, सोबत घेऊच नका. सर्दीची साधी गोळी किंवा पोटात मुरडा आला म्हणून घेतलेलं डायसायक्लोमिनही कोरड, बद्धकोष्ठ आणि गुंगी वाढवतं. दम्यावर धोत्र्याचा धूर घेण्याचा गावठी उपाय अजून कुठे चालत असेल तर तो बंदच करा. धोत्रा आणि ही गोळी शरीराला एकाच दिशेने ओढतात. दारू नकोच. सातपुड्याकडची मोहाची ‘घरचीच’ असली तरी धोका तोच.

रोजची गोळी कशी घ्यावी

गुंगी येते म्हणून ती बहुधा रात्री देतात. झोपण्याच्या तास-दोन तास आधी घेतली तर सकाळी डोकं जड राहत नाही. विसरलात तर सकाळी घेऊ नका आणि दुसऱ्या रात्री दोनही घेऊ नका. सरळ पुढच्या वेळेपासून सुरू करा.

झोप पहिल्या काही दिवसांतच सुधारते. दुखणं कमी व्हायला आठवडे लागतात, मनाला उभारी यायला दोन ते चार आठवडे आणि कधी त्याहून जास्त. म्हणून चौथ्या दिवशी ‘काही गुण नाही’ म्हणत मात्रा वाढवू नका.

आपल्याकडची खरी अडचण रात्रपाळीच्या विजेची आहे. रात्री बाराला लाइट येते, केळीला पाणी द्यायचं असतं, आणि गोळी घेतलेला माणूस अर्धवट झोपेत बॅटरी घेऊन बांधावरून निघतो. या औषधाने उभं राहताच बीपी खाली येतं आणि अंधारी येते. विहिरीच्या काठी किंवा मोटारीच्या स्टार्टरपाशी ती यायला नको. लाइटचं वेळापत्रक डॉक्टरांना सांगा, ते वेळ बदलून देतील. पहिल्या आठवड्यात आणि मात्रा वाढवल्यानंतर रात्रीचं पाणी भावाकडे किंवा सालदाराकडे सोपवा, मोटारसायकलही नको. रात्री लघवीला उठताना आधी खाटेवर पाय खाली सोडून मिनिटभर बसा, मग उभे राहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर हे काटेकोर पाळा, मांडीचं हाड अशाच वेळी मोडतं.

चैत्र-वैशाखात जास्त काळजी

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो. घाम येणं हाच तेव्हा शरीराचा कूलर, आणि या गोळ्यांमुळे घाम कमी येऊ शकतो. काहींना उलट जास्त येतो. दोन्ही प्रकारांत ऊन बाधतं. शिवाय गोळीमुळे तोंड दिवसभर कोरडंच असतं, त्यामुळे तहानेवरून पाण्याचा अंदाज बांधता येत नाही. लघवीचा रंग बघा. गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय. शेतातलं काम सकाळी उरका आणि आखाजीच्या, लग्नसराईच्या दिवसांत भर दुपारच्या वरातीत नाचू नका. अंग तापलंय, कातडी कोरडी आहे आणि माणूस असंबद्ध बोलतोय असं दिसलं तर सावलीत आणा, ओल्या कपड्याने अंग पुसत राहा आणि दवाखान्यात न्या.

कोरड आणि बद्धकोष्ठ

‘तोंडले कोरड पडस’ ही पहिली तक्रार असते. घोट घोट पाणी प्या, बडीशेप चघळा. गोड गोळ्या चघळत बसू नका, लाळ कमी असली की दात लवकर किडतात, आणि शुगरवाल्यांनी सरबतातली साखरही मोजावी. शेवभाजीची तर्री आणि भरताची मिरची सुरुवातीचे काही दिवस तोंडाला जास्त झोंबते. कळण्याची भाकरी, पालेभाजी आणि भरपूर पाणी यांनी पोट बऱ्यापैकी साफ राहतं. नाहीच झालं तर इसबगोल. वजन वाढतंय का तेही महिन्याला बघा.

या तक्रारी त्रासदायक आहेत, पण सहन होण्याजोग्या. पुढच्या मात्र नाहीत: पोट फुगून लघवी अजिबात न होणं, डोळा लाल होऊन दुखणं आणि दिव्याभोवती कडी दिसणं, छातीत धडधड, बेशुद्धी, फिट. यांपैकी एकही झालं तर लगेच दवाखाना गाठा.

घरच्यांनी काय बघावं

नैराश्यासाठी औषध सुरू झालं असेल तर पहिले काही आठवडे त्या माणसाला एकटं सोडू नका, पंचविशीच्या आतल्या मुलामुलींना तर नाहीच. अंगात हालचाल आधी येते, मन नंतर हलकं होतं. तो अस्वस्थ झाला, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करू लागला, तर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं, फोन केव्हाही लागतो. गोळ्या आठवड्यापुरत्याच आणा आणि कुलपात ठेवा. घरात फवारणीचं औषध असेल तर तेही. लहान मुलाच्या जिवाला मोजक्या गोळ्याही घातक ठरतात. आणि शेजारच्या जिभाऊंची कंबर दुखते म्हणून आपल्यातल्या चार काढून देऊ नका, त्यांच्या हृदयाचं आपल्याला काय ठाऊक.

बंद करताना

बरं वाटलं म्हणून एकदम सोडली की मळमळ, डोकेदुखी, चिडचिड होते, झोप उडते. लोकांना वाटतं व्यसन लागलं. तसं नसतं. डॉक्टर काही आठवड्यांत मात्रा उतरवत आणतात. नैराश्य गेल्यावरही साधारण सहा महिने गोळी चालू ठेवायला सांगतात.

चुकून किंवा मुद्दाम जास्त घेतल्या गेल्या तर

तासभर वाट बघू नका. माणूस आता नीट बोलत असला तरी काही तासांत ठोके बिघडतात, फिट येते. १०८ ला फोन करा. मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका, झोपेत ती घशात अडकते. दवाखान्यात ईसीजी लावून शिरेतून सोडिअम बायकार्बोनेट देतात. तो घरातला खायचा सोडा नव्हे, पाजू नका. रिकामी स्ट्रिप सोबत घ्या आणि दारातच सांगा: कोणती गोळी, किती मिलिग्रॅमची, अंदाजे किती, आणि किती वाजता.