खरा बाँड कोण? हा वाद घालायचा तर असा घाला

आमच्या घरी दिवाळीत सगळे जमले की फराळ संपायच्या आत हा विषय निघतोच: ब्रिटिश गुप्तहेर जेम्स बाँड पडद्यावर सहा नटांनी केला, त्यांत सर्वांत चांगला कोण? थोरले काका शॉन कॉनरीचे, दादा रॉजर मूरचा, वहिनी पिअर्स ब्रॉस्ननची, पुतण्या डॅनियल क्रेगचा. आणि मी टिमोथी डाल्टनची. वीसेक वर्षं आम्ही दरवेळी त्याच तावातावाने भांडलो आणि एकाचंही मत तसूभर हललं नाही. कारण प्रत्येकजण स्वतःच्या आठवणीतला बाँड घेऊन दुसऱ्याच्या आठवणीतल्या बाँडवर तुटून पडत होता. समोर पडद्यावर काहीच नव्हतं.

मी सांगलीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. प्रॅक्टिकलच्या पहिल्या दिवशी मुलांना सांगते, लंबकाची लांबी बदलत असाल तर गोळा तोच ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार वर्षांपूर्वी हाच नियम मी घरच्या वादाला लावला आणि भांडणाची मजा दुप्पट झाली. ती पद्धत इथे देते.

सुरुवात झीरो एररपासून. व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, हातात घेतला की आधी जबडे मिटवून दोन्ही पट्ट्यांचे शून्य जुळतात का ते बघतात. जुळत नसतील तर तेवढा फरक वहीत लिहून ठेवतात आणि शेवटी हिशेबात धरतात. तसं प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं: मी पहिला बाँडपट कोणता पाहिला, आणि तेव्हा माझं वय काय होतं. काकांनी कॉलेजात असताना 'गोल्डफिंगर' पाहिला. दादाने पंधराव्या वर्षी 'ऑक्टोपसी' पाहिला. उदयपूरचं तळं, त्यातला महाल, कबीर बेदी, विजय अमृतराज, सगळं आपल्याच देशात! त्या वयाच्या मुलाला मूर आवडणार नाही तर कोण? मी 'द लिव्हिंग डेलाइट्स' व्हीसीआरवर पाहिला, नववीच्या सुट्टीत. ही चिठ्ठी कोणाला खोटं पाडायला नाही. ती टेबलावर पडून राहिली की आपण नटाबद्दल बोलतोय की आपल्या पंधराव्या वर्षाबद्दल, एवढं ध्यानात राहतं.

मग मैदान आखून घ्या. १९६२च्या 'डॉक्टर नो'पासून २०२१च्या 'नो टाइम टू डाय'पर्यंत इऑन या मूळ निर्मितीसंस्थेचे २५ चित्रपट आहेत. मूरचे ७, कॉनरीचे ६, क्रेगचे ५, ब्रॉस्ननचे ४, डाल्टनचे २ आणि जॉर्ज लेझनबीचा १. कॉनरीने १९८३ साली दुसऱ्या निर्मात्यांसाठी 'नेव्हर से नेव्हर अगेन' केला, तो या मोजणीत धरू नका. त्याच वर्षी मूरचा 'ऑक्टोपसी' आला होता, म्हणून तुलनेचा मोह होतो. पण तिथे दिग्दर्शकापासून संगीतापर्यंत सगळंच वेगळं आहे.

वयाचा मुद्दा निघाला तर जन्मसाल विचारा. मूर म्हातारा आणि कॉनरी तरणाबांड असं सगळे म्हणतात, पण मूर १९२७चा आणि कॉनरी १९३०चा. फरक फक्त तीन वर्षांचा. कॉनरीने बत्तिशीत सुरुवात केली, मूरने पंचेचाळिशीत, आणि मूरचा शेवटचा 'अ व्ह्यू टू अ किल' आला तेव्हा तो ५७ वर्षांचा होता. म्हणून मूरला तोलायचं असेल तर १९७७चा 'द स्पाय हू लव्हड मी' लावा. १९८५चा लावून त्याला हरवण्यात काही पराक्रम नाही.

आवाज मूळचाच हवा. हिंदी डबिंगमध्ये बघितलेल्या बाँडवर मत देऊ नये, हे मी घरात जवळजवळ सक्तीचं केलंय. निम्मा अभिनय आवाजात असतो आणि डबिंगमध्ये नेमका तोच दुसऱ्याचा असतो. मूळ प्रतीतही एक खाच आहे: 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'मध्ये लेझनबी सर हिलरी ब्रे बनून डोंगरावरच्या त्या संस्थेत राहतो, त्या भागात आवाज जॉर्ज बेकर या नटाचा आहे. तेवढ्या भागावरून लेझनबीला गुण देऊ नका आणि कापूही नका. शिवाय कापलेली प्रत नको. 'स्पेक्टर' २०१५ साली आपल्याकडे लागला तेव्हा चुंबनदृश्यांना सेन्सॉरची कात्री लागली होती. थेटरात पाहिलं तेवढ्यावर विसंबू नका.

स्टंटचे गुणही वजा करा. 'द स्पाय हू लव्हड मी'च्या सुरुवातीला कड्यावरून स्कीसकट उडी पडते आणि युनियन जॅकचं पॅराशूट उघडतं. ती उडी रिक सिल्व्हेस्टरची, मूरची नव्हे. 'गोल्डनआय'मधली धरणाच्या भिंतीवरून घेतलेली उडी वेन मायकल्सची. 'काय उडी मारली राव ब्रॉस्ननने' असं कोणी म्हणालं की हे सांगा.

आता मुख्य काम. नट बदलायचा आणि बाकी जमेल तेवढं स्थिर ठेवायचं. सुदैवाने या चित्रमालिकेत अशा स्थिर गोष्टी पुष्कळ आहेत.

सर्वांत सोपा स्थिरांक म्हणजे क्यू, बाँडला नवनवी यंत्रं बनवून देणारा. डेस्मंड लेवेलिनने १९६३ ते १९९९ या काळात १७ चित्रपटांत क्यू केला आणि कॉनरी, लेझनबी, मूर, डाल्टन, ब्रॉस्नन अशा पाच बाँडसमोर तो उभा राहिला. समोरचा माणूस तोच, त्याचा वैताग तोच, टेबलावर नवीन यंत्र. 'गोल्डफिंगर'मध्ये गाडीची सीट माणसासकट वर उडते हे ऐकून कॉनरी म्हणतो, थट्टा करतोयस. क्यू म्हणतो, कामाच्या बाबतीत मी कधी थट्टा करत नाही. कॉनरीच्या चेहऱ्यावर तेव्हा वर्गातल्या हुशार पण उनाड पोराचा भाव आहे. मूर तिथे पाहुण्यासारखा वावरतो, जिथे तिथे हात लावत. 'लायसन्स टू किल'मध्ये क्यू रजा टाकून स्वतःच डाल्टनच्या मदतीला पोचतो. डाल्टन त्याला आधी घरी पाठवू बघतो, आणि त्या हुसकावण्यात म्हाताऱ्या माणसाची काळजी स्पष्ट ऐकू येते. 'द वर्ल्ड इज नॉट इनफ'मध्ये क्यू ब्रॉस्ननला दोन गोष्टी सांगतो, रक्त आलेलं कोणाला दिसू द्यायचं नाही आणि निसटायची वाट कायम तयार ठेवायची, आणि लिफ्टसारखा खाली जातो. तो चित्रपट लागल्यानंतर महिन्याभरातच लेवेलिन अपघातात गेले. ब्रॉस्ननचा तिथला चेहरा पाहून आमच्या वहिनीच्या डोळ्यांत दरवेळी पाणी येतं, आणि त्या प्रसंगापुरतं मीही तिच्या बाजूने मत देते.

क्रेगला हा स्थिरांक लागू पडत नाही. त्याचा क्यू वेगळा आहे आणि तोही तिसऱ्या चित्रपटात येतो. त्याच्यासाठी जूडी डेंचची एम, म्हणजे बाँडची वरिष्ठ अधिकारी, घ्या. ती ब्रॉस्ननसमोरही आहे आणि क्रेगसमोरही. 'गोल्डनआय'मध्ये ती ब्रॉस्ननला तोंडावर सांगते की तू बायकांना कमी लेखणारा, शीतयुद्धातून उरलेला डायनासोर आहेस. तो ऐकून घेतो आणि गिळतो. 'कसिनो रॉयाल'मध्ये क्रेग तिच्या घरात घुसून बसलेला असतो. एक अधिकाऱ्यासमोर उभा असलेला माणूस, दुसरा आईची परीक्षा बघणारा मुलगा.

दुसरा स्थिरांक दिग्दर्शक. हा मला सगळ्यांत आवडतो, कारण इथे हिशेब स्वच्छ निघतो. मार्टिन कॅम्पबेलने १९९५चा 'गोल्डनआय' केला आणि २००६चा 'कसिनो रॉयाल'ही. म्हणजे ब्रॉस्नन आणि क्रेग या दोघांनाही पहिल्यांदा उभं केलं ते एकाच माणसाने. गाय हॅमिल्टनकडे कॉनरी आणि मूर दोघंही होते: 'गोल्डफिंगर' आणि 'लिव्ह अँड लेट डाय' लागोपाठ लावून बघा. जॉन ग्लेनने १९८१ ते १९८९ या काळात सलग पाच चित्रपट केले, तीन मूरचे आणि दोन डाल्टनचे. 'फॉर युअर आइज ओन्ली'मध्ये मूर कड्यावर लटकलेली खुन्याची गाडी लाथ मारून खाली पाडतो. असा निर्दयपणा आपल्या बाँडला शोभत नाही असं मूरला वाटत होतं. ग्लेनने आग्रहाने तो करून घेतला. सहा वर्षांनी 'द लिव्हिंग डेलाइट्स'मध्ये त्याच ग्लेनकडे डाल्टन आला. व्हिएन्नातल्या जत्रेत डाल्टनचा सहकारी दारात चिरडून मरतो आणि फुगा घरंगळत येतो. डाल्टन तो हातात घेतो, वरची अक्षरं वाचतो आणि फोडतो. मूरकडून जे आग्रह करून घ्यावं लागलं ते डाल्टनच्या जबड्यात आधीपासून होतं. दादाला हे मान्य नाही, पण गेल्या दोन वर्षांत तो या प्रसंगाच्या वेळी गप्प बसतो.

तिसरा स्थिरांक जखम. यावर घाई करू नका, संध्याकाळ इथेच घालवा. १९६९ साली लेझनबीच्या बाँडचं लग्न होतं आणि त्याच दिवशी रस्त्याच्या कडेला गाडीवर गोळीबार होऊन त्याची बायको ट्रेसी मरते. तिचं डोकं मांडीवर घेऊन तो पोलिसाला सांगतो, ती जरा विश्रांती घेतेय, आम्हाला घाई नाही. नवखा, आधी मॉडेलिंग करणारा हा ऑस्ट्रेलियन मुलगा. त्या दोन मिनिटांत त्याने जे केलं ते दोन दोन तासांत कितीकांना जमलेलं नाही.

आता ही एकच जखम पुढच्या नटांत कशी फिरते बघा. १९७१ साली कॉनरी परत येतो तेव्हा ट्रेसीचा उल्लेखही निघत नाही. 'द स्पाय हू लव्हड मी'मध्ये रशियन हेर आन्या बारमध्ये बसून मूरची माहिती घडाघडा म्हणून दाखवते; बायको मेल्याचा शब्द येताच तो तिला मध्येच तोडतो. तोवर गालावर असलेलं हसू एकदम जातं. मूरला फक्त भुवई उडवता येते म्हणणाऱ्यांना हा प्रसंग दाखवा. मी स्वतः तसं म्हणायचे. दादाने हाच प्रसंग तीनदा मागे नेऊन दाखवला तेव्हा थांबले. 'लायसन्स टू किल'मध्ये मित्राची नवी नवरी थट्टेत म्हणते, आता पुढचं लग्न तुझं. डाल्टन नको म्हणतो आणि निघतो. ती विचारते, माझं काही चुकलं का? मित्र सांगतो, त्याचं एकदा लग्न झालं होतं, फार पूर्वी. वीस वर्षांपूर्वीचं, दुसऱ्याच नटाने भोगलेलं दुःख डाल्टन अंगावर घेतो आणि ते आपल्याला खरं वाटतं. माझी बाजू या अर्ध्या मिनिटावर उभी आहे. 'द वर्ल्ड इज नॉट इनफ'मध्ये ब्रॉस्ननला इलेक्ट्रा विचारते, जवळचं कोणी गमावलंयस का? तो उत्तर देत नाही.

क्रेगची कथा नव्याने सुरू होते, त्याची जखम म्हणजे 'कसिनो रॉयाल'मधली त्याची प्रेयसी वेस्पर. ओल्या कपड्यांनिशी शॉवरखाली बसलेल्या तिच्या शेजारी तो जाऊन बसतो तो प्रसंग लावा, आणि लगेच शेवटाकडचा फोन लावा, जिथे तो तिला शिवी देऊन मेली म्हणतो. ते वाक्य बाँडचे मूळ लेखक इयन फ्लेमिंग यांच्या १९५३च्या पहिल्या कादंबरीच्या शेवटातून आलंय. पुतण्या म्हणतो, एवढं दुःख एवढ्या वाईट शब्दात लपवणं फक्त क्रेगला जमलं. त्याला उत्तर देणं मला अवघड जातं, आणि मी देतही नाही.

काकांची तक्रार रास्त आहे: कॉनरीला ही परीक्षा द्यायची संधीच मिळाली नाही. म्हणून त्याच्यासाठी 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मधला रेल्वेच्या डब्यातला प्रसंग राखून ठेवा. रॉबर्ट शॉने पिस्तूल रोखलेलं, कॉनरी गुडघ्यांवर, आणि त्याचे डोळे हिशेब करताहेत. माशाबरोबर लाल वाइन मागवली तेव्हाच ओळखायला हवं होतं, असं तो म्हणतो त्यात स्वतःवरचा राग आहे. पुढची मारामारी त्या अरुंद डब्यात होते आणि तिथे कॉनरीचं शरीर जे बोलतं त्याची बरोबरी क्रेगपर्यंत कोणी केली नाही.

प्रत्यक्ष बसताना एवढं पाळा. प्रसंग चार मिनिटांपेक्षा मोठा नको. प्रत्येक प्रसंग दोनदा, एकदा आवाज बंद करून. प्रसंग संपल्यावर आधी लिहायचं, मग बोलायचं. नाहीतर घरातल्या मोठ्यांचं मत हेच सगळ्यांचं मत होतं. आणि प्रश्न एकच ठेवा. उत्तम चित्रपट कोणता, फ्लेमिंगच्या कागदावरच्या बाँडच्या सर्वांत जवळ कोण, आणि या भूमिकेत सर्वांत चांगला अभिनय कोणाचा, हे तीन वेगळे वाद आहेत. कमाईचे आकडे मध्ये आणू देऊ नका. १९६५ची तिकिटं आणि २०१२ची तिकिटं एका तराजूत बसत नाहीत.

मागच्या दिवाळीला काकांची नजर फार कमी झाली होती. आवाज बंद करून लावायची फेरी आली तसे ते म्हणाले, माझ्यासाठी उलटं करा, मी फक्त ऐकतो. मग आम्ही सगळ्यांनी टीव्हीकडे पाठ केली आणि सहाही जणांचं 'बाँड, जेम्स बाँड' एकामागून एक ऐकलं. कॉनरी सिगारेट ओठांत ठेवून म्हणतो, त्यामुळे दोन शब्दांत जी फट पडते ती काकांनी बोटाने सतरंजीवर मोजून दाखवली. क्रेगचं आलं तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, हे पुन्हा लाव.

यंदा ही ऐकायची फेरी पहिली ठेवणार आहोत.