रविवारची उपासना, घर आणि ड्यूटी: या चुका टाळा

चर्चमध्ये गीतं घेऊन उपासना चालवणारी माणसं काही वर्षांत बाजूला का होतात, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: वेळ मिळत नाही. मला हे उत्तर पटत नाही. आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये गीतांची बाजू सांभाळणारे जवळपास सगळेच नोकरी करून हे काम करतात. कुणी शाळेत शिकवतं, कुणी एमआयडीसीत शिफ्ट करतं, कुणी माझ्यासारखी हॉस्पिटलात सिस्टर असते. वेळ यातल्या कुणालाच मिळत नाही. तरी काही जण वर्षानुवर्षं टिकतात आणि काही दोन ईस्टरमध्ये संपतात. संपणाऱ्यांच्या चुका बघून बघून मला त्या पाठ झाल्या आहेत, म्हणून लिहायला बसले.

पहिली चूक पाळकांपासून कमिटीपर्यंत सगळेच करतात. "देवाची सेवा आहे, वेळ काढायलाच हवा," असं म्हणून हिशेब करायचंच टाळतात. अशांना मी बायबलमधल्या १ इतिहास या पुस्तकाचा नववा अध्याय काढून देते. तेहेतिसाव्या वचनात लिहिलंय की मंदिरातले गायक रात्रंदिवस आपल्या कामात असत, म्हणून त्यांना बाकीच्या सेवेतून मोकळीक होती. आपल्याला अशी मोकळीक कोण देतं? सोमवारी सकाळी मला सात वाजता वॉर्डात हजर राहावं लागतं. मग ज्यांना दुसरं काम नव्हतं त्यांच्या मापाने आपली सेवा मोजू नका. नोकरी आणि घर धरून आठवड्यातले किती तास देता येतील ते कागदावर लिहा, नवऱ्याला किंवा बायकोला दाखवा आणि त्यात बसेल एवढंच काम घ्या.

सगळी उपासना एकाच्या डोक्यात

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे.

२०२४ सालचा ईस्टर ३१ मार्चला आला होता. आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस. रिझर्व्ह बँकेने त्या वर्षी सरकारी जमाखर्च बघणाऱ्या शाखा त्या रविवारीही उघड्या ठेवायला सांगितल्या होत्या. आदल्या दिवशीचा शनिवार महिन्यातला पाचवा, म्हणजे बँकेला तोही कामाचाच. आमच्याकडे गीतांचा सगळा भार तेव्हा बँकेत नोकरी करणाऱ्या एका भावावर होता. गळा गोड, पेटीवर हात बसलेला, स्वभावाने भिडस्त. झावळ्यांच्या रविवारपासून, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारपासून, तो रोज रात्री चर्चमध्ये होता. गुड फ्रायडेची बारा ते तीनची उपासना त्यानेच घेतली. शनिवारी शाखेतून उशिरा सुटला, रविवारी पहाटेची उपासना घेतली आणि तसाच बँकेत गेला.

साडेनऊच्या मुख्य उपासनेला चर्च गच्च भरलेलं. गीतांची यादी त्याच्या फोनमध्ये, आणि फोन लागत नव्हता. तबला वाजवणाऱ्या मुलाकडे यादी होती, पण ती मंगळवारची. बुधवारी त्यातली दोन गीतं बदलली होती, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कीबोर्डचा अडॅप्टर पहाटेच्या उपासनेनंतर आवरताना भावाच्या स्कूटरच्या डिकीत गेला होता आणि स्कूटर उभी होती बँकेच्या आवारात. पाळकसाहेब वेदीजवळून खुणा करत होते. शेवटी कॉयरमधल्या एकीने धीर करून पहिलं गीत उचललं, ते इतक्या वर की दुसऱ्या कडव्यापर्यंत निम्मी मंडळी गप्प झाली होती. वर्षातली सगळ्यात आनंदाची उपासना, आणि लोक पुस्तकात डोकं घालून नुसते उभे.

खरी वाईट गोष्ट पुढेच घडली. उपासना सुटल्यावर लोकांनी जाब विचारला तो त्याच्या बायकोला. "वहिनी, कुठे गेले हे? आजच्या दिवशी तरी?" कडेवर पेंगुळलेलं पोर, हातात दुसऱ्या पोराचा हात, आठवडाभर नवरा घरात दिसलेला नाही, आणि ती बिचारी मंडळीला खुलासे देत उभी. त्यानंतर काही महिन्यांनी त्या भावाने गीतांचं काम सोडलं. मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. एका माणसावर सगळं टाकणं मंडळीला सोयीचं असतं आणि कमिटीलाही. भिडस्त माणूस नाही म्हणत नाही, म्हणून त्याच्यावर ओझं वाढत जातं.

आमच्या वॉर्डात ओव्हर दिल्याशिवाय एकही सिस्टर जागची हलत नाही. कुठल्या पेशंटचं सलाईन कधी संपेल, कुणाचा रिपोर्ट यायचाय, सगळं पुढचीला सांगून आणि लिहून मगच निघायचं. मी गीतांचंही तसंच करते. एक दोनशे पानी वही आहे. प्रत्येक रविवारला एक पान: गीतांचा क्रम, प्रत्येकाची पट्टी (सूर कुठून धरायचा), ताल, कोण उचलणार, कुठलं कडवं गाळायचं. खाली कपाटाची किल्ली कुणाकडे आणि अडॅप्टर कुठे, हेही. गुरुवारी रात्री त्या पानाचा फोटो तिघांना जातो: पेटीवाल्याला, तबलेवाल्याला आणि माझ्या जोडीदाराला. गुरुवारनंतर बदल नाही. पाळकसाहेबांनाही हे सांगून ठेवलंय, म्हणून शास्त्रपाठ मी त्यांच्याकडून बुधवारीच घेते. शनिवारी रात्री अकराला "प्रवचनाचा विषय बदललाय" असा मेसेज आला तरी गीतं तीच राहतात. देवाचं वचन कुठल्याही चांगल्या गीताशी जुळतं.

जोडीदार हा शब्द मुद्दाम वापरला. प्रत्येक रविवारी एक जण पुढे आणि एक जण त्याच्या शेजारी, सगळं माहीत असलेला. महिन्यातून एका रविवारी जोडीदाराने पुढे उभं राहायचं आणि मी बाकावर, पोरांजवळ बसायचं. त्या दिवशी सूर इकडेतिकडे झाला तर होऊ द्यावा. दाविदाने २८८ गायकांच्या चोवीस पाळ्या केल्या होत्या, बारा-बारा जणांच्या, आणि चिठ्ठ्या टाकताना लहानथोर, गुरू-शिष्य असा भेद ठेवला नव्हता. १ इतिहासाच्याच पंचविसाव्या अध्यायात आहे. जोडीदार नको म्हणणारे गायक मला भेटतात, "आमच्यासारखं कुणाला जमत नाही" म्हणतात. शिकवलं नाही तर जमणार कसं?

बँकेत, अकाउंट्समध्ये, सीएच्या ऑफिसात असलेल्यांसाठी आताच सांगते: २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे. रजेचं आणि पाळीचं बोलणं डिसेंबरातच करा.

दर रविवारी नवं गीत

तरुण संघातली मुलं माझ्याकडे येतात, मोबाईल पुढे करतात. "दीदी, हे ऐका, या रविवारी घेऊ या." गाणं छान असतं. स्टुडिओत गायलेलं, काळी चारच्या उंच पट्टीत, मागे सहा वाद्यं. ते बसवायला तीन संध्याकाळी लागतात, म्हणजे कुणाची तरी मुलं तीन संध्याकाळी गृहपाठाशिवाय राहतात. रविवारी मंडळीला ते येत नाही. बायका वर चढताना धापा टाकतात, पुरुष खालच्या सप्तकात घसरतात, आणि पुढचे पाच जण स्वतःपुरते गात राहतात. याला मी उपासना चालवणं म्हणत नाही.

माझी सवय सांगते. दोन महिन्यांतून एक नवं गीत. पहिल्या रविवारी कॉयरने गायचं, मंडळीने ऐकायचं. पुढचे तीन रविवार सगळ्यांनी मिळून. मग ते मंडळीचं होतं आणि वहीत जातं. बाकी सगळं "उपासना संगीत" या आपल्या गीतपुस्तकातलं, माहितीतलं. आपल्याकडे परदेशी चालींची भाषांतरित गीतं आहेत तशी अभंगाच्या, भजनाच्या वळणाची आहेत. रेव्हरंड टिळकांनी तर मुद्दाम त्या वळणाने लिहिलं. एक टाळ आणि एक धीट आवाज असला तरी ती उभी राहतात, वीज गेली तरी. थकलेल्या आठवड्यात मी डोळे मिटून चार भजनं निवडते, प्रॅक्टिसला वीस मिनिटं लागतात आणि मंडळी छत उचलून धरते.

पट्टीचं एकदाच ठरवा आणि लिहून ठेवा. आमच्या मंडळीत बहुतेक भजनं पांढरी एक ते पांढरी दोन यांत बसतात. चाल फार वर जात असेल तर आणखी खाली. गायकाच्या गळ्याला काय शोभतं ते रविवारी बाजूला ठेवायचं. पाचव्या बाकावरच्या काकांना वरचा सूर लागतो का, तेवढं बघा. पट्टी लिहिलेली असली की दर आठवड्याला पेटी काढून "सा" शोधत बसावं लागत नाही, आणि वाचलेला अर्धा तास घरी जातो.

नव्याने पुढे यायची घाई झालेल्यांना एक सांगते. तीन कॉर्ड आले म्हणजे उपासना चालवता येते असं नाही. वर्षभर मागे बसा. टाळ धरा, पुस्तकं वाटा, म्हातारी माणसं कुठे अडखळतात ते ऐका. मी ज्यांना थांबायला सांगितलं त्यातले काही रुसून दुसऱ्या चर्चमध्ये गेले. जे थांबले, ते आज माझ्यापेक्षा चांगलं चालवतात.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

शनिवारी रात्रीची प्रॅक्टिस बंद करा. रविवारचा स्वयंपाक, मुलांचे कपडे, सासऱ्यांची औषधं हे सगळं शनिवारी रात्रीच असतं, आणि ते करणाऱ्या बायकाच कॉयरमध्ये जास्त आहेत. आम्ही उपासना सुटल्यावर लगेच अर्धा तास बसतो, पुढच्या रविवारसाठी.

रविवारची ड्यूटी टाळायला आजारपणाचं खोटं कारण देऊ नका. खोटं बोलून मिळवलेल्या सुट्टीत स्तुती गायला उभं कसं राहायचं? माझी रविवारची ड्यूटी लागली की जोडीदार चालवतो, आणि अदलाबदल करायची असेल तर मी दिवाळीत नाइट घेऊन ती फेडते. सहकारी मग आनंदाने मदत करतात.

कॉयरच्या ग्रुपवर ऑफिसच्या वेळेत चर्चा नको.

घरच्यांना फुकटचे हमाल समजू नका. नवरा स्पीकर उचलतो, मुलगी पुस्तकं लावते, आणि कुणी त्यांचं नावही घेत नाही, हे बघवत नाही. त्यांना आवडत असेल तर जरूर. नसेल तर त्यांना साध्या माणसांसारखं बाकावर बसू द्या.

लहान मुलांना तासभर आधी चर्चमध्ये नेऊन उपाशी बसवू नका. डबा न्या, नाहीतर आजीबरोबर मागून येऊ द्या.

डिसेंबर

नाताळाआधीच्या आगमनकाळाचे चार रविवार, कॅरल, नाताळ, एकतीस तारखेची रात्रीची उपासना, आणि दुसऱ्या दिवशी नवीन वर्षाची. वर कॅरल गात फिरणारी पार्टी प्रत्येक घरी जायलाच हवी हा हट्ट. रात्री एकला शेवटच्या घरी चहा घेऊन आलेली आई सकाळी साडेसहाला शाळेचा डबा करते. आम्ही आता वस्त्या वाटून घेतो, एका रात्री एकच भाग, आणि दहा वाजता थांबतो. राहिलेली घरं पुढच्या रात्री किंवा पुढच्या वर्षी पहिल्यांदा. तक्रारी येतात, त्या सेक्रेटरींनी ऐकायच्या असं कमिटीत लिहून घेतलंय. तेवीस तारखेच्या रात्री कॉयरचा काहीच कार्यक्रम नसतो. त्या रात्री घरोघर करंज्या होतात, आणि सारण भरायला घरातलं माणूस घरात लागतं.

शेवटची चूक म्हणजे मोडून पडेपर्यंत थांबणं. बाळंतपण, आईचं आजारपण, दहावीतलं मूल, नव्या नोकरीचं पहिलं वर्ष, अशा वेळी सरळ पाळकसाहेबांकडे जा आणि "अमुक महिन्यापर्यंत मी नाही" असं तारखेसकट सांगा. नुसतं "जरा बिझी आहे" म्हणालात तर पुढच्याच शनिवारी फोन येतो. वही जोडीदाराकडे द्या, कपाटाची किल्लीही द्या, आणि त्या काळात ग्रुपमधून बाहेर राहा. मुदत संपली की आधी महिनाभर बाकावर बसून गा, मग पुढे उभं राहायचं की नाही ते ठरवा.