जुन्या फोर बाय फोरला ऑइल कूलर बसवताय? या चुका टाळा

पहिली चूक कूलर, म्हणजे इंजिन ऑइल थंड करणारा छोटा रेडिएटर, विकत घेण्याआधीच होते. ऑइल खरंच तापतंय का, हे कोणी मोजतच नाही. घोडबंदर रोडच्या कोंडीत, गायमुखच्या चढावर काटा वर सरकला की जुन्या जीपला कूलर लावायचं ठरतं. पण तो काटा पाण्याचा असतो. पाणी तापत असेल तर आधी रेडिएटर साफ करून घ्या, थर्मोस्टॅट आणि फॅन तपासा. ऑइलसाठी संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) वेगळा सेन्सर बसवा आणि भर उन्हात माळशेजचा चढ एकदा चढून बघा. १०० ते ११५ अंशांवर ऑइल टिकत असेल तर कूलरचे पैसे वाचले. १३० च्या आसपास जाऊन तिथेच राहत असेल तर कूलर हवा. काही डिझेल इंजिनांना फिल्टरच्या बुडाशी पाण्यावर चालणारा कूलर कंपनीतूनच येतो. तो चोंदलेला तर नाही ना, हेही बघून घ्या.

कूलर स्वतः सहसा दगा देत नाही. दगा देतात जोड आणि होज. आणि होज सुटला की इंजिन कोरडं पडायला फार वेळ लागत नाही.

सुरुवात फिल्टरपासून. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबर रिंग ब्लॉकला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. रिंगेवर रिंग बसली तर आयडलिंगला कदाचित थेंबही दिसणार नाही, पण थंड इंजिनाला रेस दिली की पिचकारी उडेल. मग सँडविच प्लेटचे आटे; ही प्लेट ब्लॉक आणि फिल्टरच्या मध्ये बसते आणि ऑइल कूलरकडे वळवते. ३/४-१६ यूएनएफ या इंची आट्याचा व्यास १९.०५ मिमी, एम२० × १.५ या मेट्रिक आट्याचा २० मिमी. पिचमध्येही (दोन आट्यांमधल्या अंतरातही) फरक अगदी थोडा. त्यामुळे एम२० चा फिल्टर ३/४ च्या स्टडवर सैलसर चढतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो आणि प्रेशर आलं की सुटतो. अंदाजाने घेऊ नका. व्हर्नियर आणि पिच गेज लावा.

फिटिंगमध्ये खरा घोळ होतो. वागळे इस्टेट किंवा तुर्भे-रबाळेच्या एमआयडीसीत हायड्रॉलिक होज क्रिम्प करून (टोकाला फिटिंग दाबून बसवून) मिळतात, पण तुमच्या कूलरचे आटे कोणते हे दुकानदाराला कसं कळणार? अर्धा इंची बीएसपी (ब्रिटिश) आणि अर्धा इंची एनपीटी (अमेरिकन), दोन्हींना इंचाला १४ आटे. कोन मात्र एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. दोन-तीन फेरे छान बसतात, मग पाना लावून जोर केला की ॲल्युमिनियमचा पोर्ट तडकतो. कूलर आणि प्लेट दुकानात घेऊन जा आणि काउंटरवरच हाताने जोडून बघा. जेआयसी प्रकारच्या फिटिंगच्या कोनावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. सील कोनावर होतं, आट्यांवर नाही. टेपचा तुकडा सुटला तर ऑइलच्या वाटेत अडकू शकतो.

होज घेताना आतला व्यास किमान अर्धा इंच ठेवा आणि तापमान विचारून घ्या. साधा आर-१ हायड्रॉलिक होज साधारण १०० अंशांपर्यंतचाच असतो, ऑइल त्याच्या वर जातं. १५० अंशांचा मागा. हीटरचा होज आणि स्क्रूने आवळायची जुबिली क्लिप ही जोडी तर नकोच. ते रबर ऑइलने फुगतं, आणि सकाळच्या थंड स्टार्टला प्रेशर ५ बारच्या वर गेलं की होज क्लिपमधून निसटतो.

इंजिन माउंटिंगवर हलतं, चासी हलत नाही. म्हणून होजला ढील हवी, पण सायलेन्सरपासून लांब. वरून स्टीलची जाळी असेल तर ती कानशीसारखी घासते, ब्रेकचा पाइपही कापते. घासण्याच्या जागी जुन्या होजचा तुकडा चढवा. प्लेटमुळे फिल्टर तीन-चार सेंटिमीटर खाली येतो. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि पुढचा ॲक्सल जॅकने वर उचलून काही लागतंय का ते बघा.

कूलर रेडिएटरच्या पुढे, साधारण दोन सेंटिमीटर अंतर ठेवून, रबर बुशवर लावा. प्लॅस्टिकचे टाय रेडिएटरच्या जाळीतून ओवू नका. पोर्ट वर ठेवा, म्हणजे हवा अडकत नाही. स्क्रॅपमधला कूलर कितीही स्वस्त मिळाला तरी नको. आतला धातूचा चुरा धुऊन जात नाही. सँडविच प्लेट थर्मोस्टॅटवालीच घ्या, साधारण ८० अंशांना कूलरची वाट उघडणारी. नाहीतर पावसाळ्यात वाशी-बेलापूरच्या छोट्या फेऱ्यांत ऑइल तापतच नाही, ओलावा आत राहतो आणि झाकणाखाली पांढरट मलई जमते.

पहिल्यांदा थेट स्टार्ट मारू नका. डिझेल असेल तर स्टॉप नॉब ओढून, पेट्रोल असेल तर इग्निशन आणि फ्युएल बंद करून दहा-दहा सेकंद क्रँक करा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग स्टार्ट करून थोड्या वेळाने बंद करा आणि डिपस्टिक बघून ऑइल भरा. कूलर आणि होज मिळून बऱ्याचदा अर्धा लिटर लागतं.

बसवल्यावर काही बिनसलं तर:

चढ चढूनही दोन्ही होज गारच असतील तर प्लेटमधला थर्मोस्टॅट उघडत नाही. ऑइलचं तापमान उतरलं पण पाणी तापायला लागलं तर कूलर रेडिएटरची हवा अडवतोय. लहान कूलर घ्या किंवा तो बाजूला सरकवून त्याला स्वतःचा फॅन द्या. गरम इंजिनाला आयडलिंगचं प्रेशर आधीपेक्षा बरंच खाली आलं असेल तर लेव्हल तपासा, मग होज कुठे मुडपलाय का ते बघा. त्यासाठी जुनं रीडिंग आधीच लिहून ठेवलेलं हवं. आणि जुलैनंतर कूलरच्या जाळीत चिखल बसतो. तो मागच्या बाजूने, साध्या नळीच्या पाण्याने धुवा; प्रेशर वॉशरने फिन्स आडव्या होतात.