‘आता वय झालं’ हे घरातून कसं काढायचं

मिरजेत ३४ वर्षं मी सिस्टर म्हणून नोकरी केली. खुब्याचं हाड मोडून आलेल्या कितीतरी आज्या पाहिल्या. ऑपरेशन तेच, वयही साधारण तेच. पण ‘माझ्या गोवऱ्या मसणात गेल्या, आता कशाला चालवता?’ म्हणणारी आजी वॉकरला हातच लावायची नाही. मग पडून पडून पाठीला जखमा.

एवढं बघूनही निवृत्तीनंतर मी तेच केलं. जिना चढताना धाप लागायची, आठ महिने ‘वय झालं’ म्हणत राहिले. दाखवलं त्या डॉक्टरांनीही वयावरच टाकलं. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८!

म्हणून आधी आठवडाभर घरातलं बोलणं टिपून ठेवा. दुधाचा हिशेब लिहितो त्याच कॅलेंडरवर. ‘साठी बुद्धी नाठी’, ‘ह्या वयात कशाला’, जे कानावर येईल ते. आमच्याकडे निम्म्याहून जास्त वाक्यं माझीच निघाली, आणि शेजारी बसून नातू ती ऐकत होता.

मग ‘वय झालं’ म्हणावंसं वाटेल तेव्हा त्याऐवजी तक्रार लिहा: कधीपासून, काय करताना, किती वेळ. तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा आणि ‘वय सोडून दुसरं काय कारण असू शकेल?’ असं स्पष्ट विचारा.

हे नुसतं मनाचं समाधान नाही. अमेरिकेत ओहायोतल्या ऑक्सफर्ड गावी पन्नाशीपुढच्या ६६० जणांना, स्वतःच्या म्हातारपणाबद्दल काय वाटतं, हे विचारलं होतं. येल विद्यापीठाच्या बेक्का लेव्ही यांनी ती उत्तरं पुढच्या आयुष्याशी ताडून पाहिली आणि २००२ साली निष्कर्ष मांडला: चांगलं वाटणारे सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. तब्येत, पैसा, एकटेपणा हिशेबात घेऊनही फरक राहिलाच. मला त्यात नवल वाटत नाही. काही उपयोग नाही असं एकदा ठरलं की माणूस गोळी चुकवतो, फिरणं सोडतो, चष्म्याचा नंबरही तपासत नाही.

आता खुर्ची. बिनहाताची, भिंतीला टेकवलेली, शेजारी कुणीतरी उभं हवं. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ६५ ते ६९ वयाच्या बाईला ११ पेक्षा कमी जमलं तर पायातली ताकद कमी समजायची. माझे ७ झाले होते. लोहाच्या गोळ्या आणि रोजचा सराव, तीन महिन्यांत १२. चक्कर येत असेल किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

सगळ्यात अवघड गेलं ते सासूबाईंचं. ८९ वर्षांच्या आहेत. ‘तुम्ही बसा, मी करते’ म्हणत त्यांच्या हातातली विळी मीच काढून घेतली होती, मायेनंच. महिन्याभरात त्या स्वयंपाकघरात यायच्याच बंद झाल्या. दिवाळीनंतर विळी परत त्यांच्यापुढे ठेवली. पहिल्या दिवशी चार भेंड्या चिरल्या. काल म्हणाल्या, ‘हिला धार लावून आण गं, आणि कोथिंबीर जास्त आण.’